चौथ्या जागेवरची म्हातारी

हे घडलेलं आहे. ज्याला थाप वाटते त्यानं इथंच पान मिटावं, पटवत बसायला वेळ नाही.

मार्च १९७७. रविवार, दुपारचे तीन. भीमेकाठचं वडगाव रासाई.

मच्छिंद्र साखर कारखान्यात वायरमन, आणि जलशातला जुना गडी. देव-भुतं या घरानं बौद्ध दीक्षेच्या सालीच टाकली होती. त्यानं स्वतः एक खेळ रचला होता... बैठकीचा डाव. तो प्रसंग सांगायचा. बाकीचे एकेक सोंग घेऊन काय करतो ते बोलायचे. जमलं की फसलं, ते कवड्या ठरवायच्या. एका बैठकीत डाव संपलाच पाहिजे, हा नेम.

त्या दिवशी तिघंच जमले. धाकटा भाऊ म्हाळू, बायको ललिता, शेजारचा हौशीराम. मच्छिंद्रनं तरी चौघांचाच डाव काढला. पुरातली नाव, तिच्यात मास्तर, नवरी, वैदू आणि म्हातारी. नावेतल्या चौघांत एकजण माणूस नाही. तो ओळखायचा, आणि चिठ्ठ्या टाकून नावेतून उतरवायचा.

म्हाळू मास्तर झाला, ललिता नवरी, हौशीराम वैदू.

"आन् म्हातारी?" ललितानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे जागा मोकळी. तिचं मी बोलतो."

इथंच चुकलं.

म्हाळू दुसऱ्या दिवशी नावेनं नदी ओलांडून दौंडला निघणार होता, रेल्वेत लागला म्हणून. भावाला ते पसंत नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

डाव रंगला. "म्हातारी काय करती?" मच्छिंद्रनं विचारलं. उत्तर तोच देणार होता. त्यानं तोंड उघडलं...

म्हाळू आधीच हसला. "जवळ बस म्हणती व्हय? बाईचा आवाज बेस काढतोस, दादा."

मच्छिंद्र बोललाच नव्हता.

त्यानं ललिताकडं बघितलं. ललितानं हौशीरामकडं.

"माझ्याकडं काय बघताय? मी वैदू हाय."

शेजारची पिठाची गिरणी कधी बंद पडली, कुणाला कळलं नाही...

तिघांनी चिठ्ठ्या टोपीत टाकल्या. मच्छिंद्रनं उघडल्या.

म्हातारी. वैदू. म्हातारी.

आणि एक चौथी...

तिच्यावर सोंगाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, म्हाळू.

म्हाळू उठला. "मी जाऊ नये म्हणून ही चाल? तोंडावर सांगायचं की."

"मी लिहिली न्हाई."

"मग कुणी? भुतानं? आपल्या घरात?" डाव अर्धाच सोडून तो बाहेर पडला.

सकाळी मच्छिंद्र म्हणाला, एष्टीनं जा. म्हाळू ईर्षेनं नावेत बसला. सुखरूप पोचला, कामावर रुजू झाला.

आठव्या दिवशी कार्ड आलं.

"दादा, नावेतली म्हातारी खोलीवर आली हाय. जात न्हाई. डाव तुझा, तूच मिटव."

सूड उगवतोय, मच्छिंद्रला वाटलं. तरी त्यानं ललिता आणि हौशीरामला बसवलं, कवड्या मांडल्या, डाव मिटला म्हणून सांगितलं. तसं दौंडला कळवलंही.

उलट टपाली उत्तर आलं. अक्षर म्हाळूचंच.

"ती म्हणती, जागा तुम्ही दिली. चिठ्ठ्या टाकून नावेतून काढलं बी तुम्हीच. आता मी कुठं जाऊ?"

भाऊ खोटा निघाला तर भांडण होईल. खरा निघाला तर...

म्हाळूची खोली स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे. मच्छिंद्र अजून दौंडला जातो, बाजार करतो, त्या दारापर्यंत जातो.

आत दोन माणसं बोलत असतात, एक आवाज म्हाळूचा, दुसरा बाईचा.

तो दार वाजवत नाही.