'घर' यादीतली आभा

लाइट येईपर्यंत बसायचं तर नीट बसा, कठड्यावर नको. सांगतो. आपल्या पंचवटीतलीच गोष्ट आहे. ज्याच्यावर ओढवली तो विश्वेश मला रोज सकाळी गंगेवर, गोदेच्या घाटावर, भेटतो, त्याच्याच तोंडून ऐकलीय. तुम्ही तिला भुताची म्हणाल. तो म्हणत नाही.

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावरचे दिवस. विश्वेश रविवार कारंज्यावरच्या दुकानातून प्रिंटरची शाई घेऊन आला आणि वरच्या खोलीत कामाला बसला. त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या तीर्थोपाध्येपण. यजमान कुठले कुठले, कुणी नामपूरचा, कुणी थेट इंदूरचा. त्यांची नावं, पत्ते, फोन सगळं कॉम्प्युटरवर चढवलं ते त्याच्या बायकोनं, आभानं. तिनं तीन याद्या केल्या होत्या. 'यजमान', 'घर' आणि 'गेलेले'. वर कोपऱ्यात दाबलं की एका यादीतून दुसरीत जाता यायचं. कुणी यजमान वारला की त्याचं नाव ती तिसऱ्या यादीत नेऊन ठेवायची. पुसायची नाही.

"कशाला गं गर्दी?" विश्वेश विचारायचा.

"अरे, त्यांनाही कुठेतरी जागा नको का?"

आणि त्याच दिवाळीच्या आधी, नवरात्रात, आभाच गेली. सातवा महिना चालू होता, बाळ मार्गशीर्षात यायचं होतं. रात्रीतून रक्तदाब वाढला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तीही, आणि पोटातलं मूलही.

तेराव्यानंतर विश्वेशनं तिचं नाव स्वतःच्या हातानं 'घर'मधून काढून 'गेलेले'मध्ये ठेवलं. तो म्हणतो, अस्थी सोडणं त्यापेक्षा सोपं होतं.

तर त्या दिवशी त्यानं प्रिंटरमध्ये शाई भरली, मग आभाच्या दुसऱ्या मासिक श्राद्धाची मेल लिहिली आणि 'घर' यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवली. थोड्या वेळानं आभाच्या भावाचा, मयुरेशचा फोन.

"भाऊजी, मेल मिळाली. पण... ताईला पण पाठवलीत?"

"काय?"

"वर सगळ्यांची नावं आहेत ना, त्यात ताईचं आहे. आईनं बघितलं. केव्हाची नुसती बसून आहे."

विश्वेशनं 'गेलेले' उघडली. आभा नव्हती. 'घर' उघडली. होती. पहिलंच नाव.

माझीच काहीतरी चूक झाली, म्हणाला तो. नाव परत हलवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'घर'मध्ये. पुन्हा हलवलं. पुन्हा आलं. शेवटी दुरुस्तीवाल्या योगेशला बोलावलं. त्यानं सगळं उलटंपालटं करून पाहिलं.

"दादा, मेल नेटवरून जाते, पण याद्या ह्याच मशीनमध्ये आहेत. बाहेरून कुणी हात लावू शकत नाही. इथे दुसरं कोण बसतं?"

"कोणी नाही."

"मग वहिनी..." योगेश बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली.

चार दिवसांनी सासूबाई स्वतः आल्या. गोदावरीबाई. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "विश्वेश, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण माझ्या लेकीला अडकवून ठेवू नकोस रे. जाऊ दे तिला."

तो काय सांगणार? मी नाही ठेवत, ती येते, असं? त्यांना खाली दारापर्यंत सोडून आला.

मार्गशीर्षातली अमावास्या. शुक्रवार. आठ वाजून गेले होते. गंगेवरून धुकं वर चढत होतं, खिडकीतून समोरचा दिवाही धड दिसत नव्हता. विश्वेशनं दार लावलं आणि ठरवलं, आज बघायचंच.

नाव 'गेलेले'मध्ये नेलं. 'घर' उघडून पाहिली. नव्हतं.

'गेलेले'. होतं.

'घर'. नव्हतं.

हात मांडीवर घेतले. स्क्रीनकडे बघत राहिला. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग तीही नाही.

आणि 'घर' यादीतली नावं एक ओळ खाली सरकली. सावकाश. कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशी.

आभा.

पाठीमागे कुणीतरी उभं होतं. पाठीला ऊब लागत होती. तो वळला नाही. भीती वाटली का, मी विचारलं. म्हणाला, "वाटली. वळलो तर नसेल, याची."

"आभा..."

...

"राहा गं. मी नाही हलवत आता."

...

त्याच्या डोळ्यांतलं पाणी टेबलावर पडत होतं. मग तो हळूच म्हणाला, "पण तुझी आई जेवत नाही. तिला वाटतं, तू अडकलीस."

खोलीत काही हललं नाही. आवाज नाही. फक्त पाठीला लागत होती ती ऊब कमी झाली... कमी झाली... आणि उरली नाही.

'घर' यादीतली नावं वर सरकली. पहिली जागा भरून गेली.

त्यानं 'गेलेले' उघडली. आभा तिथे होती. आणि तिच्या खाली, त्यानं कधी न लिहिलेलं एक नाव.

मृण्मयी विश्वेश.

तसाच फोन उचलून त्यानं सासूबाईंना लावला. "आई, एक विचारू? दवाखान्यात... मूल काय होतं?"

"मुलगी होती रे. तू विचारलं नाहीस, आणि आम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

"आभानं नाव ठरवलं होतं का?"

"नाही रे. बाळ हातात आल्याशिवाय नाव नाही, म्हणायची."

त्यानंतर आभाचं नाव पुन्हा 'घर'मध्ये आलं नाही. पोरीच्या नावाची नोंद अजून आहे, मी स्वतः पाहिलीय. फोन नाही. पत्ता नाही. जन्मतारीख तेवढी भरलेली.

त्याच अमावास्येची.