हळदकुंकू लावलेले डबे

इंदूरला आल्या आल्याच ऋजुताला एका अनोळखी माणसानं भर रस्त्यात अडवलं. राजेंद्र नगरच्या नाक्यावर पोहे खाऊन तिनं कागदी प्लेट समोरच्या डब्यात टाकली, एवढाच तिचा गुन्हा.

"मॅडम, हा गीला कचऱ्याचा डबा आहे. प्लेट सूखी... ती तिकडे, सुक्या कचऱ्यात जाईल." तो गालात हसला. "नवीन दिसता शहरात."

"साताऱ्याची आहे."

"हां, तरीच."

राग यायला हवा होता. तो यायचा राहूनच गेला.

पुढच्याच सोमवारी तोच माणूस, भूषण, तिला जुनी इंदूर भागातल्या शेवेच्या कारखान्यात भेटला. मालक म्हणून! ऋजुताची कंपनी मोठ्या दुकानांसाठी कारखाने तपासायची. कचरा वेगळा होतो का, तळणीचं तेल कुठं जातं, पाणी किती वाया जातं, सगळं रोजचं काम चालू असताना पाहायचं. उन्हाळाभर ती तयारी करून घ्यायला येत राहिली. चहा होत राहिला... आणि चहा संपला तरी ती उठेना.

आज दिवाळीआधीची शेवटची तपासणी. कारखाना पास झाला तर दिवाळीची मोठी ऑर्डर भूषणची. त्या भरवशावर त्यानं नवी गॅसभट्टी घातली होती.

दारातच भूषणचे काका, तुकोजीराव, उभे होते. त्यांच्यामागे कचऱ्याचे डबे ओळीनं मांडलेले, घासूनपुसून चकचकीत आणि प्रत्येकाला हळदकुंकू. दसऱ्याला घरच्या तलवारी मांडाव्यात, तशा थाटात.

ऋजुतानं एकेक झाकण उघडलं. सगळे डबे रिकामे!

"काका, दुपार झाली. आजचा कचरा कुठंय?"

"आज झालाच नाही ना, बेटा," काका छातीठोकपणे म्हणाले.

तिनं भूषणकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. तिनं आणखी काही न विचारता 'पास' लिहिलं असतं, तर कुणाला कळणार होतं?

भूषण मागच्या अंगणात गेला आणि ताडपत्रीखालचं पोतं ओढत घेऊन आला. पिशव्या, बेसन, साली, सगळं एकत्र कोंबलेलं.

"अरे, पूजेचे डबे आजच खराब करायचे होते का?" काका पुटपुटले.

"लिहा, ऋजुताजी," भूषण म्हणाला. "जे आहे, तेच लिहा."

तिनं 'नापास' लिहिलं. डोळे भरून आले, तरी लिहिलं. दिवाळी गेली... आणि आता हाही जाणार, असं तिला वाटलं.

मग त्याच्यासमोरच तिनं ऑफिसात फोन लावला. "निधी, इथली पुढची तपासणी दुसऱ्या कुणाला तरी दे."

"का गं?"

"मी निष्पक्ष राहिलेली नाही." तिची नजर भूषणवरून हटली नाही. "मला इथं नुसतं चहाला यायचंय... रोज."

तिनं फोन ठेवला. काका घसा खाकरून लगबगीनं भट्टीकडे निघून गेले.

"रोज यायचं तर कागदी कप चालणार नाही," भूषण हळूच म्हणाला. "आपला कप आणावा लागेल."

"रोज ने-आण करू?"

"नको." तो पहिल्यांदाच तिच्याशी एकेरीत बोलला. "तुझा कप इथंच ठेव."