पोटात कोणाच्या दुखलं?

शुक्रवारी सकाळी प्रफुल ताजणे जटपुरा गेटजवळच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात शिरला, तेव्हा त्याच्या हातात एक शाळकरी वही होती आणि तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"मडावी मॅडम कोण?"

श्रावण निमगडेने खुर्ची पुढे सरकवली. सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर सोमारी मडावीची गाडी चालवायचा आणि कामात मदत करायचा. सोमारीबाई पोलिसांतली नोकरी सोडून खासगी तपास करू लागली, त्याला सहा वर्षं झाली होती. दोघं एकाच दारातून आत शिरत, एकच खोली पाहत, आणि उत्तर मात्र दरवेळी तिलाच सापडे. श्रावणला तिचं कौतुक होतं. खरं सांगायचं तर आतून थोडं जळतही असे.

"मी सोमारी मडावी. बोला."

"माह्या बायकोचं, खुशबूचं, नागपूरले पोटाचं ऑपरेशन झालं," प्रफुल म्हणाला. "जुळ्यांच्या बाळंतपणात पोट पार फाकलं होतं. दोन वर्षं चालून चालून तीस किलो वजन उतरवलं तिनं, पण चामडी लोंबतच राह्यली. ती काढून पोट शिवलं. सगळं बेस चाललं होतं. कालपासून रक्त येऊन राह्यलं. अन् ती म्हणते, दिव्यानीवहिनीनं जेवणात काहीतरी घातलं."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"फोन केला. ते म्हणाले, लगेच जवळच्या दवाखान्यात न्या. पण ती उठाले तयार नाई. म्हणते, मी गेली तं माही पोरं त्या बाईच्या हाती राहातीन."

सोमारीने वही उघडली. टाक्यांजवळ बसवलेल्या नळीतून रोज किती पाणी निघतं, ते खुशबूने स्वतः लिहून ठेवलं होतं. सोमवार चाळीस मिली, मंगळवार तीस, बुधवार पंचवीस, पिवळसर. गुरुवार पंच्याण्णव. त्यापुढे एकच शब्द होता : लाल.

ती उभी राहिली. "श्रावणभाऊ, गाडी काढा. अँब्युलन्सला फोन मी करते."

*

भद्रावतीतलं ताजण्यांचं घर दुमजली होतं. खाली प्रफुलचा संसार आणि त्याचे वडील गुणवंतराव. वर मोठा भाऊ आणि त्याची बायको दिव्यानी.

खुशबू उशांना टेकून, गुडघे दुमडून पडली होती. चाळिशीची बाई, शाळेत शिकवणारी. पोटाला रुंद पट्टा होता आणि उजव्या कुशीवर, पट्ट्याच्या वर, जांभळा डाग चढला होता. नळीच्या डबीत लालभडक रक्त होतं.

"पोट ताणल्यासारखं वाटतं?" सोमारीने विचारलं.

"एका बाजूनं फुगल्यासारखं. उठली की चक्कर येते." तिने ओठ पुसले. बोटाला लाल लागलं. "कालपासून दात घासतानाही रक्त येते."

मनगटावरही निळे डाग होते. बांगड्या घासल्या असतील, असं श्रावणला वाटलं.

"खुशबूताई, अँब्युलन्स येते आहे. तुम्ही दवाखान्यात जाणार. पोरांपाशी माझे श्रावणभाऊ बसतील. त्यांच्या नजरेआड पोरांना कोणी पाणीसुद्धा देणार नाही. आता सांगा, दिव्यानीवर संशय कशावरून?"

"आठ दिवस माही कांतादीदी होती इथं. अहेरीहून आली माह्यासाठी. पट्टा बांधणं, स्वयंपाक, सगळं तिनं केलं. तवा काहीच नाई झालं. मंगळवारी ती गेली, बुधवारी जाऊबाईचा डबा सुरू झाला, अन् गुरुवारी हे." तिचे डोळे भरले. "दीदीले तं मनानंच कळते. बुधवारी संध्याकाळीच फोन केला तिनं. जखमेतून रक्त तं नाई ना, दात घासताना तं येत नाई ना, सारं विचारलं. मायसारखी आहे माही."

"गोळ्या कोण देतं?"

"मीच घेते. दीदीनं रविवारी आठवड्याच्या भरून ठेवल्या. माह्या अन् बाबांच्या पण. सोमवारपासून त्याच चालू हायेत."

खिडकीत सात खणांच्या दोन डब्या होत्या, एक हिरवी, एक निळी. पाच खण रिकामे, शनिवार-रविवारचे भरलेले. सोमारीने त्या उघडून श्रावणपुढे धरल्या. "काय दिसतं?"

"हिरवीत खुशबूताईच्या, निळीत गुणवंतरावांच्या. मोठ्या गोळ्या वेगवेगळ्या. एक बारीक पांढरी दोन्हींत आहे." तिकिटं मोजलेले डोळे होते ते, त्याने जवळून पाहिलं. "हिरवीतल्या पांढरीवर मधोमध रेघ आहे. निळीतली सपाट आहे."

"छान," म्हणत तिने दोन्ही डब्या पर्समध्ये टाकल्या. त्यात छान काय, ते श्रावणला कळलं नाही.

गुणवंतराव ओसरीत बसले होते.

"माह्या हृदयाचा वाल्व बदलला आहे, बाई. रक्त पातळ राहाची गोळी जलमभर. कधी पुरी, कधी रेघेवर तोडून अर्धी, तपासणीत जसं निघीन तसं. काल तपासलं तं डॉक्टर ओरडला. रक्त जाड झालं म्हणे, गोळी चुकवता का? मी एक दिवस नाई चुकवली! मंग म्हणे, पालेभाजी जास्त खाल्ली असन. दिव्यानीनं बुधवारी मेथी केली होती."

"डॉक्टरांनी गोळी वाढवली?"

"वाढवली. पण वाढवा का घटवा, फरक पडाले तीन-चार दिवस लागते. आज खाल्ली अन् आजच झालं, असं नाई होत."

दिव्यानी जिन्यात भेटली. हातात परत आलेला डबा, चेहरा तापलेला.

"मी जहर घातलं म्हणते ना? हो, जळते मी तिच्यावर! कॉलनीतली प्रत्येक बाई तिचंच नाव घेते. माह्या नवऱ्यानंही मले म्हटलं, खुशबूकडं पाहून शिक काही. तोंडावर बोलली मी तिले, कापून-शिवून बारीक होणं सोपं असते म्हणून. पण जेवणात काऊन घालू? तेच जेवण माही पोरगी खाते. अन् शनिवार ते मंगळवार मी सिरोंच्याले होती, मावसबहिणीच्या लग्नाले. बुधवारी सकाळी आली."

प्रफुलला सोमारीने फाटकापाशी गाठलं. "तुम्हाला हे ऑपरेशन हवं होतं?"

तो चपलेने माती उकरू लागला. "नाई. ड्यूटीवरचे लोक म्हणत, बायको लहान झाली, तू म्हातारा झाला. राग येत होता. पण तिले काही व्हावं, असं सपनातही..."

अँब्युलन्स गेल्यावर, पोरांपाशी बसायला आत वळताना श्रावण म्हणाला, "बाई, दिव्यानीच. बुधवारी डबा, गुरुवारी रक्त."

"कंडक्टरला तर माहीत असायला हवं, श्रावणभाऊ," सोमारी म्हणाली. "माणूस ज्या थांब्यावर उतरतो, तिथेच चढलेला नसतो."

श्रावणला राग आला. तिला कळलं होतं, आणि त्याला नव्हतं.

*

शनिवारी दुपारी चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात खुशबूच्या खाटेभोवती सगळे जमले होते. रात्रीत तिच्या पोटात साठलेलं रक्त काढावं लागलं होतं. दोन बाटल्या रक्त चढलं होतं. कांता अहेरीहून सकाळच्या बसने निघून नुकतीच पोचली होती. पन्नाशीची, गोरी, नाकीडोळी नीटस बाई. ती बहिणीच्या पायाशी बसून तळवे चोळत होती. जुळ्यांना बाहेर गुणवंतरावांपाशी बसवून श्रावणही आत आला होता. दाराशी एक महिला हवालदार उभी होती.

"डॉक्टरांनी रक्त तपासलं," सोमारीने सुरुवात केली. "ते गोठतच नव्हतं. हिरड्या, मनगट, टाके, सगळीकडे एकच कारण. रक्त पातळ करणारी गोळी."

"ती तं बाबांची," प्रफुल म्हणाला.

"आणि बाबांचं रक्त त्याच आठवड्यात जाड झालं. मेथी एकाच दिवसाची. एका घरात दोन आजारी, एकाचं दुखणं दुसऱ्याच्या उलट. बाबांची गोळी खुशबूताईंच्या डबीत होती, आणि ताईंची जीवनसत्त्वाची सपाट गोळी बाबांच्या. श्रावणभाऊंनी ती रेघ पाहिली. दवाखान्यात औषधं देणाऱ्याने आज गोळी ओळखली."

श्रावणच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"दिव्यानीवहिनीनं बदलली!" प्रफुल म्हणाला.

"ही गोळी सावकाश चढते. तीन-चार दिवस, बाबांनीच सांगितलं. गुरुवारी रक्त आलं, म्हणजे सुरुवात सोमवारी. तेव्हा दिव्यानी सिरोंच्याला होती. डब्या रविवारीच भरल्या होत्या."

तळवे चोळणारा हात थांबला.

"चुकून झालं असन," कांता म्हणाली. "दोन डब्या, घाईगडबड..."

"चुकून एखादा खण बिघडला असता. नाहीतर सगळ्याच गोळ्या मिसळल्या असत्या. उरलेल्या चारही खणांत बाकीच्या गोळ्या जागच्या जागी होत्या, फक्त ही एकच इकडची तिकडे. बाबांच्या डबीत गोळी कमी दिसू नये म्हणून बदली गोळीही ठेवली. आणि कांताताई, बुधवारी संध्याकाळी तुम्ही विचारलंत, दात घासताना रक्त येतं का. तोवर एक थेंबही आला नव्हता. पोटाच्या ऑपरेशनमध्ये हिरड्यांची चौकशी कोण करतं? ज्याने ही गोळी घरात वर्षानुवर्षं दिली आहे, तोच."

"दीदीच्या नवऱ्याचा, माह्या भाटव्यांचाही वाल्व बदलला होता," खुशबू हळूच म्हणाली. "दहा वर्षं दीदीच द्यायची गोळी. वारले ते." मग तिने बहिणीकडे पाहिलं. "दीदी, नाई म्हण ना."

कांता नाही म्हणाली नाही.

"लहानपणी पाहुणे आले की हिले मागच्या खोलीत बसवत," ती कोणाकडेच न पाहता बोलू लागली. "जाडी म्हणून. मी पुढं जाची पोह्याची प्लेट घेऊन. सारे मलेच पाहत. आता तीन लेकरं झाल्यावर माहं पोट कसं झालं, कोणी पुसलं? नवरा गेला. रोज सकाळी मी हिचा पट्टा बांधत होती, अन् ही आरशात पाहून म्हणत होती, दीदी, आता मी तुह्यासारखी दिसते. तुह्यासारखी! माह्याहून बेस दिसत होती." तिचा आवाज फाटला. "मले मारायचं नव्हतं हिले. टाका उसवावा, वण वाकडा राहावा, एवढंच वाटलं. नंतर भेव वाटलं म्हूनच फोन केला."

"तेव्हा खरं सांगितलं असतं, तर गोळी बुधवारीच थांबली असती," सोमारी म्हणाली.

दिव्यानी भिंतीला टेकून उभी होती. खुशबूने तिच्याकडे मान वळवली.

"जाऊबाई, मी तुमच्यावर आळ घेतला."

"घेतला," दिव्यानी म्हणाली. "ये घरी, मंग भांडू." आणि पदराने डोळे पुसत तिने खुशबूच्या अंगावरची चादर नीट केली.

"खुशबू, घरातली गोष्ट आहे," प्रफुल पुटपुटला. "पोलिसात..."

"माह्यापुरतं असतं तं गिळलं असतं मी," खुशबू म्हणाली. आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "बाबांचा वाल्व बंद पडला असता, तं? त्यांनी काय बिघडवलं होतं हिचं? माह्या वणासाठी हिनं त्यांचा जीव लावला डावावर."

कांताने तिचा हात धरायला पाहिलं. खुशबूने तो चादरीखाली घेतला.

श्रावणला एकाएकी बाहेर जावंसं वाटलं. आजवर सोमारीचं बोलणं संपलं, की आपल्याला का सुचलं नाही, ही जळजळ छातीत उठायची. आज ती उठली, आणि तिची त्याला भीती वाटली. तो सोमारीजवळ सरकून हळूच म्हणाला, "बाई, तुमचं डोकं खरंच भारी आहे." सहा वर्षांत पहिल्यांदाच. तिने चमकून पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

महिला हवालदाराने स्टूल ओढून कागद मांडीवर घेतला. नाव, वय, पत्ता लिहून झालं.

"संशयिताचं नाव?"

खुशबूने ते सांगितलं.

"नातं?"

कांता तोंडावर पदर दाबून हुंदके देत होती.

"बहीण," खुशबू म्हणाली. हवालदाराने लिहिलं आणि पेन पुढे सरकलं, तशी तिने मान उचलली. "नुसतं बहीण नका लिहू, बाई. सख्खी लिहा."