रिकाम्या कोठीतला सूर

"ओ भोंगेवाले, तुमच्या गान्याचं बूड कुठं गेलं?"

मी इंद्रभानशी बोललेलं हे पहिलं वाक्य. लाजणं, मुरकणं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं... यातलं काही मला त्या दिवशी सुचलं नाही. माझी माय त्याबद्दल पुढे मला बरंच बोलली.

आमच्या डोणगावात माझ्या मैत्रिणीचं, मंजुळाचं लग्न होतं. वैशाखातलं ऊन. विहिरीजवळच्या लिंबाखाली एक उंच, सावळा मुलगा मशीन, बॅटरी आणि तबकड्यांची पेटी मांडून बसला होता. गावात विजेचे खांब नुकतेच उभे राहिले होते, वीज मात्र यायची होती. झाडावर दोन भोंगे बांधलेले. आमच्या आवडीचं गाणं लावायला सांग, म्हणून मुलींनी मला त्याच्याकडे पिटाळलं. मी पोचले आणि नेमकं तेच गाणं लागलं. पण ते माझं गाणं नव्हतंच! घरी रेडिओवर ऐकायचे तेव्हा त्या गाण्याच्या खाली काहीतरी चालायचं – जाड, मऊ, सावकाश पावलं टाकत. भोंग्यातून ते पार गायब.

माझा प्रश्न ऐकून त्याचा हात तबकडीवरच थांबला.

"काय म्हनलं तुमी?"

"बूड. खालचा आवाज. घुम्म... घुम्म करते न तो? आमच्या घरी येते. तुमच्या भोंग्यातून काऊन नाई येत?"

"तुमाले... आयकू येते तो?"

त्याचे डोळे इतके मोठे झाले की मला वाटलं, आपण भलतंच काही बोलून बसलो.

"आयकू कमीच येते," मी खरं ते सांगितलं. "कोठी रिकामी असली म्हंजे हाताले लागते."

मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्या माजघरात ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्या होत्या आणि बाबांनी रेडिओ त्यातल्याच एकीवर ठेवला होता. पावसाळ्यात ज्वारी खपत आली की कोठी रिकामी व्हायची. मग गाणं लागलं की मी तिला पाठ टेकून बसायचे. वरचं गाणं कानात जायचं आणि खालचा सूर पत्र्यातून पाठीत, पाठीतून पोटात. अंगावर काटा यायचा. घरात कुणाला सांगितलं असतं तर वैदाकडे नेलं असतं.

तो मात्र हसला नाही. जवळ सरकून, देवळात बोलावं तसं हळू बोलला.

"त्याले डबल बास म्हनतात. मानसाएवढं वाजंत्र रायते. आन् वाजवनारा आपल्या जिल्ह्यातला हाय. रोहिणखेडचे गुलजारभाई." नाव घेताना त्याने कानाच्या पाळीला बोट लावलं, उस्तादाचं नाव घेताना लावतात तसं. "मुंबईत जनम गेला त्याइचा सिनेमाच्या गान्याइत वाजवन्यात. आता हात दुखतात म्हनून गावी आले."

"तबकडीवर नाव दाखवा बरं त्याइचं."

"नाव नसते. गानारीचं असते, चाल लावनाऱ्याचं असते."

"मंग तुमाले कसं समजलं का हे तेच?"

"वळख पटते न. ते एक सूर जरासा उशिरा सोडतात. पाहुना दारात थांबते, आवाज देते, मंग आत येते... तसं."

असं बोलणारा मुलगा मी पाहिला नव्हता. माझ्याकडे बघून बोलत होता आणि तरी त्याचं सगळं लक्ष त्या न दिसणाऱ्या म्हाताऱ्याकडे होतं. मला चक्क हेवा वाटला.

"बरं भाऊ, येते मी."

"या," तो म्हणाला. मग घाईने, मान खाली घालून – "तेवढं भाऊ नका म्हनू."

आषाढात आमच्या रेडिओची बॅटरी उतरली. श्रावणात पुन्हा उतरली. एवढ्या लवकर बॅटरी कशी उतरते, हे बाबांना कळेना. मला कळत होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

गावातल्या बॅटऱ्या भरून आणून बसवायचं काम इंद्रभानकडेच होतं. पावसाची झड लागलेली असायची. डोक्यावर पोतं घेऊन तो यायचा, ओसरीत पाय धुवायचा आणि माजघरात कोठीजवळ बसायचा. माय समोरच तांदूळ निवडत असायची. त्यामुळे आम्ही फक्त गुलजारभाईंबद्दल बोलायचो. पण त्या बोलण्यात काय काय मावायचं!

"आता पाहा," तो तळहात कोठीला लावायचा. "आता गानारी दम घेते. सारे थांबतात. हे नाई थांबत. तिले पडू देत नाई ते."

मी माझा हात त्याच्या हातापासून जरा दूर ठेवायचे. मध्ये वीतभर पत्रा. पण तो सूर यायचा तेव्हा त्याच्या हाताखालून माझ्या हाताखाली यायचा, आणि मी एवढी थरारायचे की खिडकीकडे बघत बसायचे. एकदा त्याने विचारलं, "पोचला?" मी म्हटलं, "हाव... कवाचाच." मायने तांदळातून मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

इकडे बसस्टँडवरच्या वाहेदच्या हॉटेलात इंद्रभानने सगळ्यांनाच हे वेड लावलं होतं. रेडिओवर गाणं सुरू झालं की लोक गाणारीला सोडून खालचा सूर शोधायचे. "हाय का बे गुलजारभाई?" "हाय हाय, तो पाहा, उशिरा आला." चहाच्या पैजा लागायच्या. ज्या माणसाला कुणी पाहिलं नव्हतं, ज्याचं नाव कुठे छापलेलं नव्हतं, त्याच्यासाठी डोणगावातली माणसं बशी तोंडाशी धरून गप्प व्हायची. वाहेद तर गाणं संपेपर्यंत गिऱ्हाइकाला पाणीसुद्धा द्यायचा नाही.

श्रावण सरता सरता इंद्रभानने बाबांना माझ्याबद्दल विचारलं. मध्यस्थ नाही, नातेवाईक नाही. स्वतःच आला आणि ओसरीत उभा राहिला. माझे बाबा, उत्तमराव, गावातले मोठे शेतकरी. जात आडवी येत नव्हती, भोंगे आडवे येत होते.

"लगनात भोंगे बांधनाऱ्याले मी पोरगी देऊ?" बाबांचा आवाज माजघरापर्यंत आला. "चिखलीचं स्थळ हाय तिले. विहिरीवरची जमीन हाय."

"मले मालूम हाय, मामा."

"साऱ्या गावाले तू त्या बासाच्या नादी लावलं. मी रोज रेडिओ आयकतो, मले त काईच आयकू येत नाई खालून-बिलून. आन तुह्या त्या गुलजारभाईले. गावात वाजवू दे. मले आयकू आला, त बोलू आपन. नाई आला, त चिखलीले होकार, आन् तू या उंबऱ्यात पाय ठेवाचा नाई."

बाबांनी हे थट्टेत म्हटलं असावं. पण बाबा थट्टेतला शब्दही मोडत नसत.

इंद्रभान दुसऱ्याच दिवशी रोहिणखेडला गेला. परत आला तेव्हा वाहेदच्या हॉटेलात त्याच्याभोवती कोंडाळं झालं. गुलजारभाई किती तरी वेळ हसत होते म्हणे. मग त्यांनी बीबीला, सुगराबींना, हाक मारली आणि म्हणाले, "आयकलं का? मले बोलावून राह्यले. गानारी नाई, बाकीचे वाजवनारे नाई... नुसतं मले."

भादव्यात, मेहकरकडून येणाऱ्या एस.टी.तून ते आले. बास टपावर, गोधड्यांत गुंडाळून सुंभाने बांधलेला. गाडी थांबली आणि स्टँडवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. "कोन गेलं व माय?" तानुबाईने विचारलं. तानुबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तिच्या ओव्यांशिवाय गावात हळद लागायची नाही. चार गडी वर चढले, तो गुंडाळा जपून खाली उतरवू लागले, आणि कुणीतरी रामाचं नाव घ्यायच्या बेतात होतं. तेवढ्यात गोधडी सरकली आणि आतून तपकिरी, चकचकीत लाकूड दिसलं.

मागोमाग गुलजारभाई उतरले. बासापेक्षा बारीक, पांढरी दाढी, डोळ्यांत मिश्कील हसू. वाहेद पुढे झाला आणि त्यांचा हात हातात घेऊन बोटांची टोकं बघत राहिला. ती घट्टे पडून खुरासारखी टणक झाली होती. इंद्रभानला तर बोलताच येईना. ज्याच्याबद्दल वैशाखापासून तो बोलायचा थांबला नव्हता, त्याच्यासमोर तो नुसता उभा होता, डोळे भरलेले.

"तूच का तो?" गुलजारभाई म्हणाले. "अन् ते कोठीवाली कुठी हाय?"

मी बायकांच्या मागे लपले.

आमच्याकडे सत्कार किती मोठा, हे भोंग्यांवरून ठरतं. जितके भोंगे, तितका मान. त्यामुळे इंद्रभानने आपले दोन बांधलेच, शिवाय मेहकरहून आणखी आणले. चावडीच्या दगडी ओट्यावर सतरंजी अंथरली, मधोमध माईक उभा केला. ऊन कलल्यावर सारा गाव जमला. पुरुष समोर, बायका देवळाच्या ओसरीत. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर, हाताची घडी घालून. मायने मला हळूच चिमटा काढला, "नीट बस."

गुलजारभाईंनी बासाची खालची लोखंडी अणी दगडावर टेकवली, वाद्य मिठीत घेतलं आणि डोळे मिटले. बोटं चालू लागली.

भोंग्यांतून आवाज आला – टक. टक. खर्र. टक.

लोक वाट बघत राहिले. वैशाखात मीच तर त्याला सांगितलं होतं की तुझा भोंगा बूड खातो! आणि मानाच्या नादात तो ते साफ विसरला. त्याहून वाईट म्हणजे मीही विसरले. मागून कुणीतरी म्हणालं, "वाजवून राह्यले का नुसते उभे हायत?" हशा पिकला. इंद्रभान मशीनच्या खटक्यांशी झटत होता, चेहरा पांढराफटक. भोंगा कुईं करून किंचाळला. गुलजारभाई डोळे मिटून वाजवतच होते, जे कुणालाच ऐकू येत नव्हतं ते. बाबांनी घडी सोडली आणि खुर्चीच्या हातांवर हात टेकले, उठायला.

मी कधी उठले मला माहीत नाही. बायकांची ओसरी उतरले, पुरुषांच्या मधून चालत ओट्यावर चढले आणि ओरडले –

"इंद्रभान, बंद कर तुह्ये भोंगे!"

मी माईकशेजारी उभी होते. खालचा सूर भोंग्यांना झेपत नव्हता, पण माझा आवाज त्यांना फार छान झेपला. साऱ्या डोणगावाने ऐकला. 'तुह्ये' म्हटलेलं तर जास्तच स्पष्ट ऐकलं.

इंद्रभानने खटका बंद केला. माय कपाळाला हात लावून बसली असणार, मी तिकडे बघितलंच नाही. मी बाबांकडे बघितलं.

"बाबा," मी आता हळू म्हटलं, "दगडातून नाई येत तो. आपल्या रिकाम्या कोठ्या आना न..."

बाबा माझ्याकडे एकटक बघत राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते देव जाणे. पण उत्तमरावांच्या घरून गावासमोर काही मागितलं आणि ते आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी मान न वळवता गड्याला सांगितलं, "जाय. घेऊन ये."

कोठ्या आल्या. आडव्या टाकून, घरंगळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी दगडांचं उटकण लावून, वर दुकानांच्या फळ्या घातल्या. वाहेदने तर स्वतःच्या दुकानाची फळी डोक्यावर आणली. गुलजारभाई लहान मुलासारखे उत्सुकतेने बघत होते. फळीवर अणी टेकवून त्यांनी एकच तार छेडली.

घुम्म...

पुढच्या रांगेतल्या माणसाच्या तांब्यातलं पाणी हललं. फळ्यांना टेकलेली माणसं दचकून मागे झाली आणि मग एकेक करून पुन्हा पुढे सरकली. कुणी तळहात ठेवला, कुणी गाल. पोरं कोठ्यांना पोटानं चिकटली. तो सूर चालत होता – सावकाश, जाड, मायेचा – आणि गाव असं गप्प बसलं होतं की देवळातल्या पारव्यांची फडफड ऐकू येत होती. मी आजवर ज्याची नुसती सावली ऐकली होती, ते अख्खं माझ्यासमोर उभं होतं. माझे डोळे वाहत होते आणि मी पुसत नव्हते.

थोड्या वेळाने ते थांबले. "एकट्यानं वाजवाची सवय नाई मले," ते म्हणाले. "जनमभर दुसऱ्याच्या गान्याखाली राह्यलो. कोनी गा बरं."

कुणी धजेना. शेवटी तानुबाईला पुढे ढकललं. तिने डोळे मिटून जात्यावरची ओवी धरली, आम्ही रोजच ऐकतो तीच, कापऱ्या आवाजात. गुलजारभाईंनी एक ओळ नुसती ऐकली. दुसऱ्या ओळीला ते आत आले, जरासे उशिरा, दारात थांबून आल्यासारखे. आणि त्या ओवीखाली जमीन आली. तानुबाईचा आवाज कापायचा थांबला. ती गातच राहिली, आणि संपल्यावर खाली बसून म्हणाली, "माह्या गान्यात एवढं होतं का रे बाप्पा?"

गुलजारभाईंनी तिला वाकून सलाम केला.

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत नव्हते. ओट्याजवळ येऊन उभे होते, फळीवर पालथा पंजा ठेवून. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हात मात्र त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही.

निघताना गुलजारभाईंनी मला जवळ बोलावलं. "पोरी, मी वाजवतो तवा कोनाले समजत नाई. नाई वाजवलं त साऱ्याइले समजते, का गान्यातून काईतरी गेलं. असा मानूस भेटला त सोडाचा नसते." आणि त्यांनी इंद्रभानकडे बघून कानाच्या पाळीला बोट लावलं. इंद्रभान लाजून लाल झाला... मीही.

घरी कोठ्या परत जागेवर आल्या, रेडिओ परत कोठीवर गेला. सकाळी मी चहा घेऊन माजघरात गेले, तर रेडिओ चालू होता आणि बाबा कोठीला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. मला बघून ते हलले नाहीत. चुलीकडे तोंड करून मायला म्हणाले,

"विमल, चिखलीले नाई म्हनून सांगून दे. अन् तुळशीचं लगन झालं का या पोरीचंही उरकून टाकू, नवी ज्वारी यायच्या आत. भरलेली कोठी वाजत नाई."