नंदू आला की नेट जातं

'नेटवर्क कार्ड' हे शब्द उभ्या आयुष्यात पुन्हा ऐकायचे नाहीत, असं शौनकनं गेल्याच महिन्यात ठरवलं होतं. त्यामुळे शनिवारी सकाळी रत्नप्रभाआत्या विमलाताईंच्या ऑफिसात शिरली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "ती कार्डं...", तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला.

"आत्या, इथे लग्नाआधीच्या चौकशा होतात. कॉम्प्युटर दुरुस्त होत नाहीत."

"दुरुस्ती कोण मागतंय? माझ्या कॉम्प्युटर क्लासात कोणीतरी मुद्दाम नेट पाडतंय. कोण ते मला ठाऊक आहे. पुरावा तेवढा हवाय."

विमलाताई राण्यांनी चष्मा वर सरकवला. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून त्यांनी मुलुंडला ही गुप्तहेरी थाटली होती. प्रश्न विचारून गप्प बसायचं, ही त्यांची पद्धत. शौनक त्यांच्या फायली सांभाळायचा, स्कूटर चालवायचा आणि वर बोलणीही खायचा.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"नंदू. माझा शिपाई. एकोणीस वर्षं आहे हो माझ्याकडे!" आत्याचा आवाज चिरकला. "तो आला की नेट जातं. शिमग्याला चार दिवस गावी गेला होता, तर नेट कसं झकास चाललं! आज संध्याकाळी त्याला काढून टाकणार आहे. सोमवारी परीक्षा मंडळाचे निरीक्षक येतायत. सहाच्या सहा मशीन वायरच्या नेटवर चालल्या नाहीत तर केंद्र गेलं. केंद्र गेलं की क्लास बंद."

कार्डांची कथा शौनकला तोंडपाठ होती. व्होल्टेज वाढून आत्याच्या सहाही जुन्या मशीनची नेटची भोकं जळाली होती. मशीन बाकी ठणठणीत, म्हणून भोकासकट नवीन कार्ड आत बसवायचं. पण दुकानातल्या किमती ऐकून आत्यानं दुकानदारालाच झापलं आणि स्वस्त कार्डं शोधायला शौनकला जुंपलं. बोरिवलीत मिळाली ती खाचेत जाईनात. ऑनलाइन मागवली त्यांची पट्टी बोटभर लांब. घाटकोपरचा माणूस रोज "उद्या या" म्हणायचा. शेवटी आत्याचा टेक्निशियन हर्षद त्याला अंधेरीच्या एका बोळात घेऊन गेला. तिथे पाव किमतीत सहा कार्डं मिळाली. "लॉटचा माल आहे, परत घेणार नाही," एवढंच दुकानदार बोलला.

रिक्षा दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकली होती. मांडीवरच्या पारदर्शक पिशवीकडे बघण्याखेरीज शौनकला उद्योग नव्हता. प्रत्येक कार्डावर एक पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मुंगीएवढे आकडे. चष्मा खिशात होता, पण काढायचा कंटाळा आला. हर्षद पिशवी रात्रीपुरती घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं कार्डं बसवली. तेव्हापासून हा घोळ.

"चला," विमलाताई उठल्या. "आधी नंदूला भेटू."

मुलुंड पूर्वेचा तो क्लास म्हणजे टायपिंगच्या जमान्यातली एक लांबट खोली. नंदू दाराशी स्टुलावर बसला होता. आपल्यावर आळ आहे हे त्याच्या कानावर आलेलं दिसत होतं.

"सकाळी आल्यावर काय काय करतोस?" विमलाताईंनी विचारलं.

"आठाक येतंय. केर काढतंय, देवाक फूल घालतंय, साही मशीन चालू करून ठेवतंय. मगे पोरां येतत."

"वायरींना हात लावतोस?"

"ताई, मी कित्याक हात लावतलंय?" नंदू स्टुलावरून उठला. "बाईंका पाठीत दुखला तेव्हा दोन म्हयने क्लास मी उघडलंय. आता माकाच चोर म्हणतत."

आत्या खिडकीबाहेर बघत राहिली.

"बाई, तो गावी होता तेव्हा मशीन कोण चालू करायचं?" विमलाताईंनी तिला विचारलं.

"कोण कशाला करतंय? मुलांनाही सुट्टी होती. मी आपली माझ्या मशीनवर हॉल तिकिटांचे फॉर्म भरत होते. एकदाही नेट गेलं नाही."

इमारतीला नेट देणारा चंद्रप्रकाश फोन करताच तणतणत वर आला. "सहा वेळा आलो मॅडम! माझी लाइन ओके आहे. बाईंच्या मशीनची वायर काढून माझ्या लॅपटॉपला लावली, तासभर एकदम मक्खन. बाकीच्या पाच मशीन समोर बोंबलत होत्या. आणि हा नंदूभाऊ तिथेच लादी पुसत होता. मग कसली वाट लागलीय, मला काय माहीत!"

"ऐकलंत?" विमलाताई आत्याला म्हणाल्या. आत्यानं ऐकलं होतं, पण तिला ते पटलं नव्हतं. शौनकलाही त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याला भूक लागली होती.

हर्षद आला तो इस्त्रीच्या शर्टात, घाईत. "कार्डांत दोष नाही, ताई. बाईंच्या मशीनमध्ये एकेक कार्ड घालून बघितलं. सहाच्या सहा पास. बाई समोरच होत्या."

"एका वेळी एकच मशीन चालू?"

"हो. टेस्टिंग तसंच करतात."

"कार्डांवर काही केलंस?"

"छे! पिशवीतून काढली आणि लावली."

"नंदूवर संशय आधी कोणाला आला?"

उत्तर आत्यानं दिलं. "हर्षदनंच माझ्या लक्षात आणून दिलं. मी बावळट, मला कुठलं कळायला!"

विमलाताईंनी शौनकला एका मशीनचं कॅबिनेट उघडायला लावलं. स्क्रू काढताना त्याचं बोट सोलवटलं, म्हणून त्यानं मंडळाला, आत्याला आणि अंधेरीच्या बोळाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. कार्ड स्वच्छ होतं. फक्त एका कोपऱ्यात चिकट चौकोन होता आणि त्यावर धूळ बसली होती.

"सगळे बसा," विमलाताई म्हणाल्या. "शौनक, ही पिशवी दीड तास तुझ्या मांडीवर होती. या चौकोनात तेव्हा काय होतं?"

"पांढरी पट्टी. आकड्यांची." शौनक बोलता बोलता थांबला. "सगळ्यांवर होती."

"आता नाही. मधल्या रात्री पिशवी एकाच माणसाच्या घरी होती, आणि तो म्हणतो मी काहीच केलं नाही."

हर्षद बुटांकडे बघू लागला.

"आता नेटचं बघू. नंदू नसताना नेट चाललं, कारण तेव्हा एकच मशीन चालू होती. टेस्टिंगला कार्डं पास झाली, तेव्हाही एकच. नंदू आला की नेट जातं, कारण नंदू इमानानं सहाही मशीन चालू करतो. पण चंद्रप्रकाशचा लॅपटॉप त्याच गर्दीत तासभर चालला, तोही नंदूच्या समोर. म्हणजे लाइन चांगली, वायर चांगली, नंदूही चांगला. भांडण आहे ते या सहा कार्डांचं, आपसात."

"कार्डं कशाला भांडतील?" आत्या वैतागून म्हणाली.

"एक्स्चेंजमध्ये एकदा दोन घरांना एकच नंबर जोडला गेला होता. दोघांनी फोन उचलला की कोणालाच धड ऐकू येईना. प्रत्येक कार्डालाही कारखान्यातून स्वतःचा नंबर मिळतो. शौनक, प्रत्येक मशीनवर मी सांगते ते टाइप कर आणि येईल तो नंबर लिही."

शौनकनं लिहिले. चौथ्या मशीनला त्याला वाटलं, आपण चुकून वरचाच नंबर उतरवतोय. सहाव्याला त्यानं कागद टेबलावर आपटला. सहा ओळी, एकच नंबर.

"नकली लॉट," विमलाताई म्हणाल्या. "एकच नंबर सगळ्यांवर छापून मोकळे. पट्ट्यांवर तो उघड दिसत होता. हर्षद, तुला त्या रात्रीच कळलं ना?"

"दुकानदार परत घेईना," हर्षद पुटपुटला. "बाईंना शब्द दिला होता. वाटलं, चालून जातील. चालली नाहीत तेव्हा... तोंडाला येईल ते नाव घेतलं."

"तोंडाला माझाच नाव इला?" नंदूनं विचारलं.

"चालतील की," विमलाताई म्हणाल्या. "कार्डाचा नंबर सेटिंगमध्ये बदलता येतो. पैसे पडत नाहीत. हर्षद आत्ता बदलेल आणि सोमवारी निरीक्षक जाईपर्यंत इथून हलणार नाही."

शौनकला रडू येईल असं वाटलं. महिनाभर पाय तोडले ते पाच नंबर बदलण्यासाठी!

तासाभरात हर्षदनं नंबर बदलले आणि मशीन बंद केल्या. आत्यानं घसा साफ केला. "नंदू, कर रे सगळ्या चालू."

नंदू हलला नाही. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन तो बसला होता. "आज तुमीच करा, बाई."

शौनक उठू लागला, तशी विमलाताईंनी त्याची बाही धरली. आत्याचे गुडघे कसे आहेत ते सगळ्यांना माहीत होतं आणि मशीन जमिनीवर होत्या. ती पहिल्या मशीनशी वाकली, बटण दाबलं, टेबल धरून उठली. मग दुसरी. तिसऱ्याला तिला धाप लागली. सहाव्याला ती खालीच बसली आणि तिथूनच म्हणाली, "चुकलं माझं, नंदू."

सहाही पडद्यांवर नेट चालू होतं. नंदूनं येऊन तिला हात दिला, खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास पुढ्यात ठेवला. मग पिशवी खांद्याला लावली.

"सोमवारी आठाक येतंय," तो म्हणाला. "आज नाय."