भरदुपारची चांदणी

सोलवेगच्या हातातलं खोकं पायऱ्यांवरच फुटलं, आणि वेधशाळेचे जुने अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर पसरले. वरून गारा तडतडत होत्या. आतून एक उंच तरुण धावत आला... आणि त्यानं अंगातला स्वेटर काढून सरळ कागदांवर टाकला.

"अहो, स्वेटर भिजेल!"

"भिजू द्या. वेफर्सच्या खोक्यातून इतिहास आणणारं माणूस रोज कुठे भेटतं?"

"फुकट मिळालं होतं खोकं," ती फणकारली. पण हसू काही लपलं नाही.

तो डेझमंड, तिथल्या अभिलेखागारात जुने कागद सांभाळणारा. ती सरोवराकाठच्या टेकडीवरच्या वेधशाळेच्या कचेरीतली. वेधशाळा आता पाडायची होती. तिथलं सगळं दप्तर त्याच्या हवाली करून सोलवेग ॲरिझोनाला बहिणीकडे जाणार होती.

मग रोज दुपारी दोघं शेजारी बसून कागदांच्या गंजक्या टाचण्या काढू लागले. एकदा तो तिला तळघरात घेऊन गेला. त्यानं एक चाक फिरवलं आणि कपाटांची अख्खी भिंत हळूच बाजूला सरकली... आत खोक्यांच्या रांगाच रांगा, नजर पोचेल तिथवर.

"हे सगळं कुणासाठी?" तिनं कुजबुजत विचारलं.

"जे अजून जन्मलेच नाहीत, त्यांच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी तिनं काचांची पेटी आणली. डेझमंड ओशाळला. "कागद घेतो आम्ही. काचांना जागा नाही हो."

"मग या कचऱ्यात जातील. एकदा बघा तरी."

त्यानं एक काच उजेडासमोर धरली. स्वच्छ काचेवर काळे ठिपके, हजारो.

"शाई उडालीय का?"

"तारे आहेत ते. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घ्यायचे. त्यात ते उलटे उमटतात, काळे."

त्यानं काच आणखी जवळ धरून एकेक ठिपका न्याहाळला. मग तसाच, काच दोन्ही हातांत जपत, वरिष्ठ पेल्टियरबाईंकडे गेला. बाईंनी चष्मा वर केला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "जागा करा," एवढंच म्हणाल्या.

दुर्बीण उतरवायच्या आदल्या दिवशी सोलवेगनं त्याला टेकडीवर बोलावलं.

"दुपारी?" तो म्हणाला. "दिवसा तारे दाखवणार की काय मला?"

"तारे नाही. चांदणी."

घुमटाच्या फटीतून नुसतं निळं आकाश दिसत होतं. तिनं दुर्बीण वळवली, बाजूला झाली. डेझमंडनं डोळा लावला... आणि थिजला. निळाईत एक इवलीशी, पांढरीशुभ्र कोर तरंगत होती.

"चंद्र?"

"शुक्र. दिवसाही असतो तिथेच. कुणी बघत नाही."

तो वळला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. "काचांवर काय काय आहे, ते लिहून काढायला माणूस हवंय आम्हाला. पेल्टियरबाईंनी विचारायला सांगितलंय, म्हणून..." तो अडखळला. "म्हणजे, सांगितलंय खरंच. पण मी त्यासाठी विचारत नाहीये. सोलवेग — तू जाऊ नकोस."

तू! घुमटात तो शब्द केवढा घुमला...

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"जाऊ नकोस."

"नाही जात."

तोवर पृथ्वी फिरली होती. चांदणी दुर्बिणीबाहेर निसटून गेली होती. तिला पुन्हा शोधायचं दोघांनाही सुचलं नाही.