मंगळावरचा भात

आमच्या आचरा गावात मी ‘मंगळावर जाऊन आलेली उर्वशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. कसला मंगळ आणि कसलं काय! २००७ साली कॅनडाच्या पार वर, ध्रुवाकडच्या एका ओसाड बेटावर चार महिने मी मंगळाचं नाटक करत होते. माणूस उद्या मंगळावर गेलाच तर कसा राहील, कसं काम करील, ते आधी पृथ्वीवर करून बघायचं, म्हणून आम्ही सहा जण पत्र्याच्या एका गोल डब्यात राहायचो. दगडमाती तपासायचं काम माझं. बाहेर पडायचं तर डोक्यावर काचेचा गोळा, अंगावर जाडजूड पोशाख, आणि दारात पाच मिनिटं उगाच उभं राहायचं, हवा बदलतेय असं समजून. वर खांद्याला बंदूक, पांढऱ्या अस्वलांसाठी. मंगळावर बंदूक घेऊन फिरणारे आम्हीच पहिले.

निघाले त्या दिवशी माझे वडील, दाजी, पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते, नेहमीसारखे डावा पाय लांब करून. होडीवर दोरात अडकून तो पाय कायमचा अधू झाला होता. चालताना मागून फरफटत यायचा. आई मी लहान असताना गेली. मी एकुलती एक.

“मंगळार भात मेळता काय गो बाय?” त्यांनी विचारलं.

“मेळता, दाजी.”

“मगे माका पण ने एकदा. तुझ्या हातचो भात जेवान परत येतंय.”

मी हसले. त्यांना नेता येणार नव्हतं, ते त्यांनाही ठाऊक होतं.

मोहिमेआधी एक फॉर्म भरायचा होता. मोहीम चालू असताना घरी कोणाचं बरंवाईट झालं, तर तुम्हाला कळवायचं का? ‘हो’ म्हटलं आणि तशी बातमी आली, तर मोहीम अर्ध्यावर सोडून निघावं लागणार. तीन वर्षं धडपडून मिळवलेली जागा होती. मी ‘नाही’वर खूण केली. हात जरासुद्धा अडखळला नाही, याची लाज मला अजून वाटते.

दाजींचं सगळं माझ्या चुलतभावाची बायको आनंदी बघायची. दर रविवारी ती तिठ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन चार ओळी पाठवायची. शेवटची ओळ ठरलेली: ‘दाजी बरे आसत, जेवतत.’ त्या ओळीवर माझा आठवडा निघायचा. चोवीस जूनला मात्र एवढंच आलं: ‘आमी बरी आसंव.’

दाजींचं नाव नव्हतं.

विचारलं असतं तर ‘सगळं ठीक आहे’ असंच उत्तर आलं असतं. पण ‘नाही’वर खूण केलेल्या बाईला त्या उत्तराचा काय उपयोग? ठीक असलं तरी तेच आणि नसलं तरी तेच. आपल्या हाताने विहिरीवर झाकण घालावं आणि मग पाणी किती आहे म्हणून डोकवावं, तसं झालं माझं.

दोन दिवसांनी मी आणि मार्टा, माझी पोलिश सहकारी, उल्का पडून झालेल्या जवळच्या विवराच्या कडेला माती गोळा करायला गेलो. बर्फ वितळून करडा चिखल उघडा पडला होता. परत फिरलो तर येतानाचे आमचे बुटांचे ठसे समोर होते. माझ्या ठशांच्या शेजारून तिसरे ठसे आले होते.

उजवं पाऊल अनवाणी, पाची बोटं स्वच्छ. डाव्या जागी नुसता फरफटलेला ओरखडा.

मी पट्टी काढून माप घेतलं. चोवीस सेंटिमीटर. दुसरं काही सुचलं नाही म्हणून माप घेतलं.

“अस्वल?” मार्टाने विचारलं.

“नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चारी बाजूंना पाहिलं. मैलोन्‌मैल एक झाड नव्हतं, आडोसा नव्हता. संध्याकाळच्या नोंदवहीत तिने ते लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही.

पुढच्या दर फेरीला ते ठसे होते. कायम माझ्याच शेजारी, आणि दर वेळी डब्याच्या थोडे जवळ. मधल्या रविवारी आनंदीचं काहीच आलं नाही. एक दिवस ते आमच्या दाराशी येऊन थांबलेले दिसले. बोटं दाराकडे.

मी समजले. दाजी गेले होते. आणि गेल्यावर सरळ पोरीकडे आले होते.

रडायची सोय नव्हती. काचेच्या आत डोळे पुसता येत नाहीत. पाणी गालावरून गळ्यात उतरत राहतं. दाजी, मला माफ करा, मी खूण केली, एवढंच म्हणत राहिले.

चोवीस तारखेपासून दिवस मोजले. तेरावा होऊन गेला होता. शनिवार, सात जुलै. स्वयंपाकाची पाळी माझी होती. मूठभर तांदूळ वेगळे शिजवले, बिनमिठाचे, आपल्याकडे पिंडाला करतात तसे. तीळ कुठले मिळायला! बाहेर एका सपाट दगडावर तो भात ठेवला. मुलीने करू नये म्हणतात, पण तिथे दुसरं होतं कोण?

कावळा तर सोडाच, पंधरा दिवसांत एक पाखरू दिसलं नव्हतं.

“दाजी,” मी म्हटलं, “मी घराक येतंय. आता जेवा.”

वळले. तीन पावलं चालले असेन. राहवलं नाही, मागे पाहिलं.

दगड रिकामा होता.

दगडासमोरचा चिखल दबला होता, कोणी जेवायला बसून उठावं तसा. डावा पाय लांब केल्याची खूण होती.

त्यानंतर ठसे कधीच दिसले नाहीत. रविवारी आनंदीचं आलं: ‘दाजी बरे आसत.’ मोहिमेच्या लोकांनी तिला असं लिहायला सांगितलं असणार, मी मनाशी म्हटलं. ‘जेवतत’ मात्र तिने लिहिलं नव्हतं. पुढेही कधी लिहिलं नाही.

सप्टेंबरात मी आचऱ्याला उतरले. कुंपणाच्या बेड्याशी, फाटकापाशी आले आणि समोर पाहिलं.

दाजी पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते.

“इलंस गो बाय?” ते म्हणाले.

मी त्यांच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडले. हात ऊन होते, कपाळाला घाम होता. जिवंत माणूस! चोवीस जूनचं विचारलं, तर आनंदी म्हणाली, “अगो, लाईट जायत होती. घायगडबडीत रवला असतला. फुडल्या आयतवारी तर कॅफेच बंद.”

दुपारी तिने पानं वाढली. बांगड्याचं सार, भात. दाजी पानावर बसले, भाताला हात लावून नमस्कार केला आणि तसेच उठून पडवीत गेले.

आनंदी हळूच म्हणाली, “जुलैच्या पयल्या शनवारपासून असाच चल्लाहा. एक शीत तोंडात घालूक नाय. डॉक्टराक दाखवला. वजन तेवढाच, नाडी बरी. तुका सांगा नको म्हणत.”

मी घास पानात ठेवला. उठून मी दाजींच्या शेजारी जाऊन बसले.

“दाजी, जेवणत नाय तुमी?”

“भूकच नाय लागणा गो. पोट भरलेला आसा.” त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आनंदीसमोर माझी शोभा नको म्हणून आवाज खाली आणला.

“भात बरो होतो. मीठ तेवढा घालूक इसारलंस.”